आजोळच्या खळ्याचं चित्र: मे महिना, दुपारी साडेचार

मे महिन्याच्या सुट्टीतलं आजोळ जलरंगात उतरवायला घेतलेली चित्रं बहुतेक वेळा रंगाच्या आधीच फसतात. आठवणीत सकाळचं शिंपण, दुपारची आंब्याची आढी आणि तिन्हीसांजेचा तुळशीपुढचा दिवा हे सगळं एकाच वेळी चालू असतं. ते तसंच्या तसं कागदावर आलं की सावल्या तीन दिशांना पडतात आणि चित्राला उजेडच उरत नाही. चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोल्हापूरचं कोटितीर्थ तळं पुन्हा पुन्हा रंगवलं, ते वेगवेगळ्या वेळच्या उजेडात. एका कागदात एकच वेळ. घरच्या चित्रालाही तेवढंच पथ्य पाळायचं: एक जागा, एक तास. बाकीच्या आठवणींना दुसरा कागद.

इथे दक्षिण कोकणातलं, म्हणजे मालवण-कुडाळ-वेंगुर्ल्याकडचं कौलारू घर आणि त्याच्यापुढचं अंगण, म्हणजे खळं, धरलं आहे. देशावरचा वाडा किंवा विदर्भातलं मातीचं घर असेल तर रंग बदलतील, रीत तीच.

आठवणी गोळा करताना

मामा, मावश्या, मामेभावंडं यांना "घर कसं होतं?" असं विचारू नका. "काय मजा यायची रे!" एवढंच उत्तर मिळतं. मोजता येईल असं विचारा. ओटीच्या पायरीवर बसलं की विहीर उजव्या हाताला का डाव्या? ओटीला खांब किती? पायऱ्या तीन का चार? दार आत उघडायचं का बाहेर? रहाट होता का नुसतं कप्पीचं आडं? फणसाचं झाड छपराच्या वर गेलं होतं का? प्रत्येकाला वेगळ्या कागदावर घराचा वरून दिसणारा नकाशा काढायला सांगा, आणि सगळ्यांचे काढून होईपर्यंत एकमेकांना दाखवू देऊ नका. एकदा मोठ्या मामाने "विहीर इकडे" म्हटलं की बाकीच्यांच्या विहिरी गुपचूप तिकडे सरकतात. तीन नकाशांत जे जुळतं ते पक्कं. जिथे मतभेद आहेत तिथे चित्रात झाड उभं करा किंवा सावली टाका.

घराचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे मात्र आठवणीवर सोडू नका. उपग्रहाच्या नकाशात छपराचा आढा कुठून कुठे जातो ते दिसतं. घर पडलं असेल तर चौथरा दिसतो, तोही नसेल तर महाभूनकाशा या जमिनींच्या सरकारी ऑनलाइन नकाशावर गट शोधून वाटेवरून अंदाज बांधता येतो.

फोटोंसाठी जुने लग्नाचे आणि मुंजीचे अल्बम काढा. घराचा म्हणून कोणी फोटो काढलेला नसतो, पण नवरा-नवरीच्या मागे खांब, कठडा, खिडकीचे गज, कौलांच्या ओळी सगळं सापडतं. माप काढायला त्याच वस्तू कामाला येतात. मंगलोरी कौलं एकावर एक चढली की एका ओळीची उघडी लांबी साधारण एक फूट राहते, आणि चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्याचा, एक थर सात ते नऊ इंचांचा असतो. ओळी आणि थर मोजले की छपराचा उतार आणि भिंतीची उंची हाती येते.

अलीकडचे मोबाइलमधले फोटो वापरताना सावध राहा. ते बहुतेक गणपतीतले असतात. गणपतीत कुणगे (भातशेतीचे छोटे तुकडे) भाताने भरलेले, गडग्यांवर (दगडी कुंपणांवर) शेवाळ, खळ्यात गवत, पडवीला झापं (झावळ्यांचे विणलेले आडोसे) बांधलेली. मे महिन्यात यातलं काहीच नसतं. कुणगे मोकळे आणि फिकट पिवळे, तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) जागी भाजावळीचे, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजल्याचे, काळे पट्टे, खळं सारवलेलं आणि त्यावर माडाच्या झावळ्यांचा मांडव. हा मांडव पावसाआधी काढतात, म्हणून गणपतीच्या फोटोत तो सापडत नाही आणि चित्रातूनही निसटतो. आकार फोटोतून घ्या, रंग घेऊ नका.

ऊन कुठून येतं

सुट्टीतल्या उन्हाची एक गंमत बऱ्याच जणांच्या लक्षात आलेली नसते. दक्षिण कोकणात मेच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि त्यानंतर तो दिवसभर किंचित उत्तरेकडेच राहतो. महिन्याच्या मध्यावर सूर्य पूर्वेच्या सुमारे २० अंश उत्तरेला उगवतो आणि मावळतोही पश्चिमेच्या तेवढाच उत्तरेला. म्हणजे दक्षिणेकडे तोंड असलेल्या घराच्या दर्शनी भिंतीवर तेव्हा थेट ऊन पडतच नाही. उत्तरेकडच्या भिंतीला सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन लागतं. पूर्वेकडे तोंड असेल तर चित्राची वेळ सकाळी साडेआठची घ्या. दुपारी साडेचारला अशा घराची सावली पुढच्या खळ्यावर पसरलेली असते आणि दर्शनी भाग काळवंडतो. पश्चिमेकडे तोंड असेल तर साडेचार उत्तम.

सावलीची लांबी अंदाजाने काढू नका. मेच्या मध्यावर दुपारी तीनला सावली वस्तूच्या उंचीच्या पाऊणपट असते, साडेचारला दीडपट आणि साडेपाचला पावणेतीनपटीच्या पुढे. साडेचारच्या सावल्या पूर्वेला, जराशा दक्षिणेकडे झुकून पडतात. चार फुटी तुळशी वृंदावनाची सावली सहा फूट. रेखाटनातच ती पेन्सिलीने आखून ठेवा, कारण रंगवताना ऊन पुढे सरकवायचा मोह होतो.

डोळ्यांची उंची

आठवण आठ वर्षांच्या पोराची असते आणि फोटो मोठ्या माणसाने काढलेला. आठ वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण पावणेचार फुटांवर असतात, मोठ्या माणसाचे पाच फुटांवर. जोतं अडीच फुटांचं धरा. मोठ्या माणसाला ओटीची जमीन अडीच फूट खाली दिसते, मुलाला सव्वा फूट. म्हणून मुलाच्या नजरेने ओटीच्या जमिनीचा पट्टा फोटोतल्याच्या निम्मा उरतो, खांब उंच होतात आणि छपराची पागोळी डोक्यावर येते. फोटो जसाच्या तसा गिरवला तर घर बरोबर येतं, पण भावंडं चित्र बघून म्हणतात, "घर लहान वाटतंय." कारण हेच.

क्षितिजरेषा पावणेचार फुटांवर ठेवा. खळ्याच्या पातळीवर उभ्या असलेल्या मोठ्या माणसांच्या छातीतून ही रेषा जाते, मग ती जवळ असोत वा लांब. आठ वर्षांच्या मुलांचे डोळे तिच्यावरच येतात. ओटीवर बसलेल्यांचे पाय रेषेच्या खाली आणि डोकी वर.

कागद आणि रंग

कागद ३०० जीएसएम, शंभर टक्के कापसाचा, कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत). पूर्ण ताव २२ × ३० इंचांचा असतो. पहिलं चित्र पाव तावावर करा, भिंतीवर लावायचं अर्ध्या तावावर. पुण्याच्या हातकागद संस्थेचा किंवा तसाच दुसरा हातकागद सरावाला चांगला, पण दरवेळी आधी एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून पाहा. थेंब टिकला तर कागद ठीक. लगेच जिरला तर कागदाची खळ (पाणी लगेच जिरू न देणारा लेप) गेलेली आहे, रंग टिपकागदासारखा आत जाईल. दमट हवेत दोन-तीन पावसाळे उघड्यावर राहिलेल्या महागड्या कागदाचंही असंच होतं. कागद घट्ट बंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा.

पाव ताव १२ मिमी प्लायवर नुसत्या मास्किंग टेपने चालतो. अर्धा ताव मात्र ताणून घ्या: पाच मिनिटं पाण्यात, मग निथळून फळीवर, चारही बाजूंनी पाण्याने चिकटणारी तपकिरी कागदी टेप, आडवा ठेवून रात्रभर सुकवणं. उभा ठेवला तर पाणी खालच्या कडेला उतरतं आणि तिथली टेप सुटते.

रंग सात पुरतात: यलो ऑकर, गॅम्बोज ह्यू, लाइट रेड, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, कोबाल्ट निळा आणि एक टिकाऊ किरमिजी. किरमिजी घेताना ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. पीआर ८३ असेल तर तो खरा अलिझरिन, उजेडाने उडतो. पीव्ही १९ घ्या. नातवंडांनी बघायचं चित्र आहे, विद्यार्थी संचातले रंग त्याला नकोत. ब्रश चार: एक इंची चपटा, गोल १२ आणि ६ नंबर, आणि फांद्या-तारांसाठी लांब केसांचा रिगर.

तयार सॅप ग्रीन मुद्दामच यादीत नाही. तो सरळ लावला की मेचा सप्टेंबर होतो. हिरवे मिसळूनच करायचे. आंब्यासाठी अल्ट्रामरीन आणि गॅम्बोज, त्यात बर्न्ट सिएनाचं टोक. फणसाला तेच, पण निळा जास्त आणि पाणी कमी. पोफळीच्या शेंड्याला गॅम्बोज जास्त, निळा नावाला. माडाच्या खालच्या झावळ्या यलो ऑकरकडे झुकलेल्या, एक-दोन पूर्ण तपकिरी लोंबत्या. तेवढ्या दोन झावळ्यांनी ऋतू कळतो. मोकळ्या कुणग्यांना यलो ऑकर भरपूर पाण्यात, त्यात कोबाल्टचा एक थेंब.

जांभा सगळ्यात जास्त चुकतो. सगळे त्याला विटेसारखा लाल रंगवतात. उन्हातल्या चिऱ्यात पिवळा जास्त असतो: यलो ऑकर दोन भाग, लाइट रेड एक भाग. जुना चिरा पावसाच्या बाजूने काळा पडलेला असतो, तिथे बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन. चिऱ्याची भोकं एकेक काढत बसू नका. पहिला फिकट हात पूर्ण वाळू द्या, मग १२ नंबरच्या ब्रशमधलं पाणी फडक्यावर टिपून तो आडवा धरून कागदावरून हलका ओढा. कागदाच्या उंचवट्यांना रंग लागतो, खळगे मोकळे राहतात आणि जांभ्याचं सच्छिद्र अंग आपोआप दिसतं. दोन हातांनंतर थांबा. तिसऱ्याला चिऱ्याचा स्पंज होतो.

रंगवायचा क्रम

आधी पोस्टकार्डाएवढी तीन-चार छोटी रेखाटनं, तीनच छटांत: पांढरा, मधला, गडद. यातच चित्राचा निकाल लागतो. डोळे बारीक करून बघा. गडद भाग एकमेकांना जोडलेला नसेल, इकडे-तिकडे ठिपक्यांसारखा असेल, तर मांडणी बदला. पश्चिमाभिमुख घरात ओटीच्या आतला काळोख आणि मांडवाखालची सावली मिळून एक सलग गडद पट्टा करता येतो, आणि त्यापुढे खळ्यातलं उघडं ऊन झळझळतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटपासून हाताला बसलेलं दोन डोंगर, मधून सूर्य आणि वळणाची नदी हे चित्र इथे विसरायचं.

मग एचबी पेन्सिलीने, न दाबता, मोठं रेखाटन. खोडरबर कमी वापरा. खरवडलेल्या जागी रंग गडद बसतो.

आकाश पहिलं. मे महिन्याचं कोकणातलं आकाश निळंशार नसतं, पांढुरकं असतं. पूर्ण आकाश स्वच्छ पाण्याने भिजवा, क्षितिजाकडे यलो ऑकरचा अगदी पुसट हात, वरून कोबाल्ट उतरवा. अशा सलग पातळ हातासाठी (वॉशसाठी) निदान तीन-चार चमचे रंगपाणी आधीच कालवून ठेवा. मध्येच संपलं तर दुसरं कालवेपर्यंत कड वाळते आणि आडवी रेघ पडते. लांबची झाडं आकाश ओलसर असतानाच, कोबाल्टमध्ये थोडा किरमिजी आणि ऑकर घालून. कागदावरची पाण्याची चमक जाऊन नुसता ओलसरपणा उरला की हीच वेळ. त्याआधी टाकलं तर झाडं आकाशभर पसरतात, आणि अर्धवट वाळल्यावर जास्त पाण्याचा ब्रश लागला तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी कुरळी कड उठते. ती उठली तर पुसू नका. पूर्ण वाळू द्या, ओल्या ब्रशने कड हलकेच सैल करा आणि टिपकागदाने टिपा.

मग उजेडाचे सगळे फिकट हात एकदमच: छपराला लाइट रेड आणि ऑकर, चिऱ्याला वर सांगितलेलं मिश्रण, चुन्याच्या भिंतीला जवळजवळ कोरा कागद. चुन्यात नीळ घालतात, त्यामुळे सावलीतल्या भिंतीला कोबाल्टची पुसट झाक द्यायला हरकत नाही. सारवलेलं खळं ओलं असताना हिरवट, वाळल्यावर फिकं खाकी दिसतं: ऑकर, त्यात बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीनचा एकेक थेंब. सारवणाऱ्या हाताचे अर्धगोल फटकारे जमिनीवर राहतात, ब्रशही तसाच अर्धगोल फिरवा. पुढच्या हातभर जागेतच ते दाखवा, मागे सपाट जाऊ द्या.

हे सगळं कोरडं झाल्यावर सावल्या. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत एकेक थर वाळायला अर्धा-पाऊण तास लागू शकतो. हेअर ड्रायर फूटभर लांबून चालतो, पण ओलं पाणी कागदावर तरंगत असताना नको, रंग ढकलला जातो. लाल मातीवरची सावली राखाडी नसते. लाइट रेड, अल्ट्रामरीन आणि किंचित किरमिजी मिळून जांभळट तपकिरी. एकाच हाताने, एकाच वेळी, मागे न वळता ओढा. दुसऱ्यांदा फिरवलात की खालचा थर सुटून चिखल होतो. मेचं ऊन प्रखर असतं, त्यामुळे सावलीची कड तीक्ष्ण आणि छटा धिटाईने गडद हवी. घाबरून फिकी टाकली तर चित्र ढगाळ दिसतं.

मांडवाखालची सावली जरा जवळून बघण्यासारखी आहे. झावळ्यांच्या फटी चिरफाळलेल्या असतात, पण बारीक फटींतून जमिनीवर पडणारे कवडसे मात्र लंबगोल असतात. प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचंच बिंब. आठ फूट उंचीच्या मांडवातून साडेचारच्या तिरक्या उन्हात ते साधारण दीड इंच रुंद आणि तीन इंच लांब पडतात, लांबी उन्हाच्या दिशेने. ऊन पश्चिमेकडून येत असल्याने मांडवाची सावली बारा फूट घराकडे सरकते, म्हणून कवडसे ओटीच्या पायऱ्यांवर आणि भिंतीवरही चढतात. भिंतीवर ते जवळजवळ गोल होतात. चित्रात पुढचे कवडसे मोहरीएवढे, मागचे नुसते टिंब. ते पांढऱ्या रंगाने वरून ठिपके देऊन करू नका, खडूसारखे दिसतात. सावलीचा हात द्यायच्या आधी मास्किंग फ्लुइडचे (कागदावर रबरासारखं वाळून रंग अडवणाऱ्या द्रवाचे) थेंब जुन्या ब्रशच्या दांड्याने ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच्या आत बोटाने चोळून काढा. जास्त दिवस राहिलं तर कागदाचा पापुद्रा घेऊन निघतं.

माणसं

तीन, फार तर चार. सगळं गणगोत उभं केलं की चित्राचा ग्रुप फोटो होतो. डोकं पूर्ण उंचीच्या सातव्या हिश्शाएवढं ठेवा. सगळ्यांच्याच हातून ते मोठं होतं आणि माणूस बाहुलीसारखा दिसतो. चेहरे काढू नका. आजीची ओळख नाकाडोळ्यांत नाही, सूप पाखडताना वाकलेल्या पाठीत आणि नऊवारीच्या रंगात आहे. पाय जमिनीत विरघळू द्या, सावली मात्र पक्की जोडा, नाहीतर माणसं तरंगतात. आजोबा कुठे बसायचे यावर घरात एकमत होत नसेल तर ओटीवर नुसती आरामखुर्ची आणि पानाचं तबक ठेवा.

फ्रेम

चित्र काचेला कधीही चिकटू देऊ नका. दमट हवेत काचेच्या आतून पाणी धरतं आणि बुरशीचे तपकिरी ठिपके उठतात. मध्ये आम्लरहित माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) हवाच, निदान दोन इंची. चित्र माउंटला फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी, पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने अडकवा. फेव्हिकॉल, सेलोटेप, दुहेरी टेप यांतलं काही नको: सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडून डाग आत उतरवते. घर कोकणात असेल तर फ्रेम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करून घ्या. पावसाळ्यात केली की दमट हवा आत कोंडली जाते. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना पाच मिमी जाडीच्या बुचाच्या चकत्या लावा, म्हणजे भिंत आणि चित्र यांत वारा खेळतो. पावसाच्या झडीची भिंत आणि देवघराच्या दिव्याजवळची भिंत, दोन्ही टाळा. काच पुसताना पाणी फडक्यावर घ्या. थेट काचेवर फवारलं तर ते खालच्या कडेने आत शिरतं.

फ्रेमला देण्याआधी ६०० डीपीआयवर स्कॅन करून ठेवा, भावंडांना त्याच्या छपाया काढता येतात. आणि कागदाच्या मागे, पेन्सिलीने, शाईने नव्हे: गाव, वाडी, कुठल्या वर्षाच्या सुट्टीतलं खळं, घराचं तोंड कुठे, डावीकडून कोण कोण, आणि फणसाच्या झाडाखाली जे झाकलं आहे ते कोणाच्या मते विहीर होती आणि कोणाच्या मते गोठा.